ऐंशीला काढायचा, विसाला लावायचा

ऐरोली गावठाणात मी खोली बघायला गेले, तेव्हा मालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवून म्हणाले, "किती टक्के?"

चौदा होते. दिवसभर खोल्या शोधत हिंडल्यावर माणसाचेच चौदा टक्के उरतात, मोबाइलचं काय घेऊन बसलात. पण मालकांचा चेहरा असा पडला, की मी लहान मूल उपाशी ठेवून आल्यासारखं मलाच वाटलं. जिन्याखालचा प्लग दाखवून म्हणाले, आधी तो लाव, मग खोली बघ. तर अशी मी त्या घरात शिरले. आधी माझा चार्जर आत गेला, मग मी.

घर तीन मजली. गावठाणातली असतात तसं शेजारच्या घराला एवढं चिकटलेलं, की खिडकीतून हात काढला तर पलीकडच्यांच्या दोरीवरचा टॉवेल हाताला लागेल. वरच्या दोन मजल्यांवर आम्ही भाडेकरू, सगळ्या आसपासच्या आयटी पार्कांत नोकरी करणाऱ्या मुली. खाली मालक, म्हणजे आमचे काका, एकटे. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांचे वडील मिठागरावर होते. काकांनी स्वतः तीस-एक वर्षं ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर काढली. उंच, काळेसावळे, सदैव अर्ध्या बाह्यांचा बनियन आणि लुंगी, आणि हातात जुनं डिजिटल घड्याळ. ते घड्याळ दिवसातून दोन-तीनदा पीप पीप करायचं, आणि ते वाजलं की काका असतील तिथून उठायचे.

कारण खालच्या खोलीत लॅपटॉप होता.

आता मी कंपनीत सपोर्ट डेस्कवर. लोकांचे बंद पडलेले लॅपटॉप चालू करून देणं हेच माझं पोट. कॉफी सांडलेले, मांजर बसलेले, नवऱ्याने रागाने आपटलेले, सगळे लॅपटॉप मी पाहिलेत. पण असा लॅपटॉप पाहिला नव्हता. तो पाटावर बसवलेला होता, चारी कोपऱ्यांखाली लाकडाचे गट्टू, म्हणजे खालून हवा खेळती राहील. वर साडीचा एक मऊ तुकडा पांघरलेला. आणि तो चालू होता. नेहमी चालू. ऐंशी टक्के झाले की काका चार्जर काढायचे, वीस झाले की लावायचे, आणि काढताना कधीही वायर ओढायची नाही, प्लग धरून काढायचा. आम्हा सगळ्या भाडेकरूंना त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की मी ऑफिसात दुसऱ्यांच्या वायरी बघून ओरडायला लागले.

"शंभर?" एकदा माझा मोबाइल बघून ते म्हणाले. "एवढा हावरटपना कशाला? ऐंशीला उठावा मानसानं." पुढे म्हणाले, आमाला टक्के कोनी शिकवू नये, आमच्या शेतावर शहर झाला आनि आमाला साडेबारा टक्के जमीन परत मिलाली, तेवा. असं बोलून ते हसले नाहीत. मी हसले, आणि मग मलाही कसंतरी झालं.

गंमत म्हणजे काकांना लॅपटॉपमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. एक अक्षर त्यांनी कधी टाइप केलं नाही. नेट जोडलेलं नव्हतं. पण घरात इन्व्हर्टर होता, आणि त्याची एकुलती एक वायर त्या पाटाकडे गेलेली. लाइट गेली की काका अंधारात हातपंख्याने वारा घेत बसायचे आणि शेजारी लॅपटॉप थाटात चालू. मी म्हटलं, काका, निदान पंखा तरी जोडा त्याला. ते म्हणाले, पंख्याचा काय, पंखा उद्या पन फिरंल.

गावठाणात कुणाची हळद असली, की डीजेच्या दणक्याने आमच्या भिंती हलायच्या. अशाच एका हळदीत मी काकांच्या पंगतीत बसले होते. ताटात नुकतं मटण पडलेलं, आणि घड्याळ वाजलं. काका उठले. यजमान हात जोडून आडवे आले, अहो काका, जेवून तरी जा. काका म्हणाले, पंचवीसवर आलाय. आणि गेले. माझ्या शेजारची म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "बायको गेली तवापासून असाच हाय तो. डोक्यावर परिनाम." मी मान हलवली. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

खरं कारण मला पावसाळ्यात कळलं. ताप आला म्हणून मी दोन दिवस खोलीवरच होते. ऑफिसातून कुणाचा फोन नाही, कऱ्हाडला आईला सांगायची सोय नाही, ती रडत बसली असती. काकांनी पेज आणून दिली आणि दारातच खुर्ची टाकून बसले. लगेच परत जिना उतरायचा कंटाळा म्हणून असेल, पण त्या दिवशी ते बरंच बोलले.

काकू शाळेत बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो लॅपटॉप घेतला. त्यांची एक म्हातारी आत्या लग्नात धवले म्हणायची, म्हणजे आगरी लग्नातली जुनी गाणी. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. काकूंनी आत्याच्या तोंडून ती मोबाइलमध्ये भरून आणली, ती लॅपटॉपवर मोठ्या आवाजात लावायच्या आणि ऐकून ऐकून टाइप करायच्या. रोज सकाळी आंघोळ झाली की लॅपटॉप चालू, दुपारी बंद. वीस आणि ऐंशीचा नियमही त्यांचाच. शाळेतल्या कुठल्याशा प्रशिक्षणात त्यांना कुणी सांगितला होता, आणि बाईंनी एकदा नियम म्हटला की नियम.

एका सकाळी टाइप करता करता त्यांना चक्कर आली. रिक्षा दारात आली. काका घर बंद करायला लागले, लॅपटॉपची झाकणी लावायला गेले, तर रिक्षात बसलेल्या काकू आतून म्हणाल्या, बंद नका करू, माझा काम अर्धा हाय. आल्यावर करते.

संध्याकाळी काका त्यांचे कपडे न्यायला घरी आले, तेव्हा लॅपटॉपवर लाल लाइट लागला होता. अकरा टक्के. त्यांनी चार्जर लावला आणि परत हॉस्पिटलात गेले. दुसऱ्या दिवशी काकू गेल्या.

"ती बोलली, बंद नका करू," काका म्हणाले. "आमच्यात बॉयलरवर कसा असते, रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाय. पुढच्या शिफ्टवाला येनार, हातात देनार, मग तू घरी. नाय आला तर डबल करायची. सलग सोला तास. मी लय डबल केलेत, बाय. ती गेटवर डबा घेऊन यायची."

मी आपली शहाणी. मी म्हटलं, काका, त्यात काय, मी तुम्हाला ते सगळं सेव्ह करून देते, एक अक्षर जाणार नाही, मग खुशाल बंद करा. त्यांनी पेजेचा वाडगा माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "ती सेव्ह करा नाय बोलली. बंद नका करू, बोलली."

मी पेज प्यायले.

दिवाळीनंतर एकदा खाली गेले तर लॅपटॉप पाटावर डुगडुगत होता. बोट लावलं की डोलायचा. टचपॅड वर आलेलं, मधोमध फुगवटा. बॅटरी फुगली होती. पाच-सहा वर्षांची बॅटरी, चोवीस तास चालू, कितीही जपली तरी तिचंही वय होतंच. मी काकांना सांगितलं, ही आता कधीही पेट घेऊ शकते. वर आम्ही आठ जणी राहतो. बंद करून बॅटरी काढायलाच हवी.

काका म्हणाले, गॅस झाला असंल, बसंल. मी आवाज चढवला. पहिल्यांदाच. चार दिवस आमच्यात बोलणं नाही. त्या चार दिवसांत मी जाता-येता खिडकीतून बघायचे, तर काका लॅपटॉपसमोर खुर्ची टाकून बसलेले, शेजारी वाळूची बादली. त्या बादलीने मला हरवलं. एवढा मोठा माणूस बायकोच्या अर्ध्या कामावर पहारा देत बसलाय, आणि मी त्याला नियम सांगतेय.

पाचव्या दिवशी ते वर आले. दारात उभं राहून म्हणाले, आमी बॉयलर चालू ठेवून वाल्व बदलायचो, तसा याचा नाय होनार? आता याला खरं उत्तर "नाही" असं होतं. माझ्या सिनियरने असं काही करताना मला पाहिलं असतं, तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. पण चार्जर लावलेला ठेवून, खालची झाकणी उघडून, चालत्या लॅपटॉपची बॅटरी सुटी करता येते हे मला माहीत होतं. आणि मला कामाची घमेंडही होती. मी म्हटलं, होईल.

वाशीहून बॅटरी आणली. रविवारी सकाळी बसलो. काकांनी आंघोळ केली होती, काकूंच्या फोटोला हार घातला होता. इन्व्हर्टर दोनदा तपासला. मी आधी ते अर्धं गाणं सेव्ह केलं, हळदीचं होतं, ओळीच्या मध्येच थांबलेलं. मग लॅपटॉप टेबलाच्या कडेला पालथा घातला, स्क्रीन खाली लोंबती. काका माझ्या मानेवर श्वास सोडत उभे. मी म्हटलं, काका, चहा ठेवा ना. ते आत गेले.

झाकणी निघाली. जुनी बॅटरी सुटी केली, लॅपटॉप चालूच. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आता ती फुगलेली बॅटरी फक्त उचलून बाहेर घ्यायची होती. ती चिकटली होती. मी जरा जोर लावला, लॅपटॉप हलला, आणि चार्जरची पिन निसटली.

ती पिन सैल होती. काकांनी तिला रबरबँड लावून ठेवला होता, चार वर्षं. लॅपटॉप पालथा घालताना तो रबरबँड मीच काढला होता, मध्ये येतो म्हणून.

आतला पंखा थांबला. तेव्हा मला कळलं, की या खोलीत मी कधी शांतता ऐकलीच नव्हती. स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मला रडू येत होतं, पण हात कामाला लागले. जुनी बॅटरी उचकटून काढली, नवी बसवली, झाकणी लावली, लॅपटॉप सरळ केला, बटण दाबलं. आणि ती सुरू होतानाची धून वाजली. पूर्ण आवाजात, कारण काकू गाणी मोठ्याने लावायच्या. मी स्पीकरवर दोन्ही हात दाबले. उशीर झाला होता. गाणं उघडलं, कर्सर होता तिथे नेऊन ठेवला, पिन लावली, रबरबँड चढवला.

काका चहा घेऊन आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

"झाला?"

"झालं."

"चालू हाय?"

"चालू आहे," मी म्हटलं. चालू तर होताच.

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मान हलवली, माझ्या हातात कप दिला. चहात साखर नव्हती. मी मुकाट्याने प्यायले.

पुढचे दिवस वाईट गेले. मी जिना उतरताना चपला हातात घ्यायला लागले, म्हणजे त्यांची गाठ पडायला नको. मला वाटायचं, हे माणूस आता रोज उठून, पंगतीतून उठून, अंधारात बसून जे सांभाळतंय ते काकूंनी चालू केलेलं नाहीच. ते मी चालू केलंय. एका रबरबँडपायी. रात्री झोप लागेना. आणि हे सांगायचं तरी कुणाला? आईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, लोकांच्या मशिनी, तू कशाला हात लावलास.

मग एका संध्याकाळी आम्ही दारातच समोरासमोर आलो. माझ्या हातात मोबाइल, नऊ टक्के, स्क्रीन त्यांच्याकडेच. त्यांनी पाहिलं आणि ते आत वळले. "किती" नाही, "लाव" नाही. मला ते सहन झालं नाही. मी त्यांच्या मागोमाग खोलीत गेले. लॅपटॉप पाटावर मिटलेला होता. वर साडीचा तुकडा घडी करून ठेवलेला. इन्व्हर्टरची वायर पंख्याला.

मी सगळं सांगून टाकलं. पिन, रबरबँड, बटण, मी बोललेलं खोटं. मान वर न करता.

"मना ऐकू आला होता," काका म्हणाले.

मी मान वर केली.

"चहाचा पानी ठेवला होता. पावडर टाकत होतो, आनि तो आवाज आला. रोज सकाली ती आंगोल करून यायची, बटन दाबायची, आनि मी आत चहा ठेवायचो. त्याच जागी उभा राहून ऐकायचो रोज. चार वर्सांनी तोच आवाज." त्यांनी साडीच्या घडीवरून हात फिरवला. "मना वाटला, आली. पावडरचा चमचा हातात होता तेवढा टाइम. मग समजला, तू हायस."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी हात हलवला.

"चार वर्सं मी तो बंद होऊ दिला नाय. म्हनून तो आवाज कधी आलाच नाय मना. मीच येऊ दिला नाय." मग लुंगीची गाठ उगाच सोडून बांधत म्हणाले, "तू सकाली कामावर जाताना जिन्यावरून उतरतेस. आत येऊन एवढा बटन दाबशील? मी चहा ठेवलेला असंल."

मी म्हटलं, काका, तुम्हीच दाबा ना, सोपं आहे.

"मी दाबला तर मना म्हायती असते ना, मीच दाबला."

त्या दिवसापासून मी सकाळी पावणेआठला खाली यायचे. दार नुसतं लोटलेलं असायचं. काका आत स्वयंपाकघरात. मी हाक मारायची नाही असं ठरलं नव्हतं, पण मी कधी मारली नाही. झाकणी उघडायची, बटण दाबायचं. धून वाजली की आतला कपबशीचा आवाज थांबायचा. चार-पाच सेकंद. मग परत सुरू व्हायचा. मी चपला हातात घेऊन बाहेर पडायचे. चहा आम्ही कधीच एकत्र प्यायलो नाही. दुपारी ते बंद करायचे, काकूंच्या वेळेला. टक्क्यांकडे ते बघेनासे झाले. मीच कधी बघायचे तर शंभर, कधी सात.

असं नऊ-दहा महिने चाललं. मग माझी कंपनी बदलली, मैत्रिणीने नेरूळला फ्लॅट घेतला होता, तिच्याकडे राहायला जायचं ठरलं. नेरूळ ते ऐरोली म्हणजे काही परदेश नाही. येत जाईन, असं मी काकांना दोनदा म्हटलं. दोन वर्षं झाली. मी एकदाही गेले नाही. काम असतं, हे कारण मी स्वतःला देते, आणि ते मला पटत नाही. माझ्या खोलीत आता कोण राहतं, मला माहीत नाही. त्या मुलीला ते "किती" विचारतात की नाही, तेही माहीत नाही.

शेवटच्या सकाळी सामान टेम्पोत चढलं होतं. मी खाली आले. त्या दिवशी काका बाहेरच्या खोलीत उभे होते, बनियनवर शर्ट घालून. मी किल्ली दिली. मला राहवेना. मी विचारलं, "उद्यापासून कोण दाबणार, काका?"

त्यांनी किल्ली खिळ्याला लावली. लॅपटॉपवरचा साडीचा तुकडा उचलला, घडी केली, बाजूला ठेवला.

"रिलीव्हर नाय आला तर डबल करायची, तुला सांगितलाय ना?" ते म्हणाले. "आजची तेवढी दाबून जा." आणि आत चहा ठेवायला गेले.